समुद्रावरचा पाणाड्या

मुलांनो, तुम्ही दोघांनी शिडाच्या होडीत काढलेले फोटो पाहिले आणि त्याखालचं वाक्यही वाचलं: ‘आपल्या घराण्यातले पहिले खलाशी.’ ते चूक आहे. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला जेवण जात नाही, हे तुमच्या आईला विचारा. घराण्यातला पहिला समुद्रप्रवास माझ्या धाकट्या मामा-मामींनी केला, आणि तोही निजामाच्या राज्यातल्या भूम गावाहून, जिथं पोहता येणारा माणूस म्हणजे विहिरीत पडून वाचलेला माणूस. हे आठवणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते. मामा सांगत त्यातलं निम्मं आणि मामी सांगत त्यातलं सगळं मी खरं धरलं आहे.

पाण्यावर एवढा अधिकार सांगणारा आणि पाण्यानंच वेळोवेळी एवढा तोंडघशी पाडलेला दुसरा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल. मामा पाणाडे होते, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालत. नारळ उभा राहिला की तिथं विहीर खणायची. कुणाच्या घरी गेले की पाण्याचा पहिला घोट तोंडात घोळवून ‘वरच्या आळीची विहीर, पूर्वेचा झरा’ असा निकाल देत, आणि घरमालक ‘नाही हो, खालच्या आळीचं आहे’ म्हणाला तर त्यालाच खोटं ठरवत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांच्या हातातला नारळ ऐन बोहल्याशेजारी उभा राहिला. झालं! वरपक्ष अक्षता मुठीत धरून ताटकळत राहिला आणि मामा पहार मागत सुटले. ‘मुहूर्त उद्या बी येतोय, झरा न्हाय येत,’ असं ते भटजींना म्हणाले. शेवटी मामींनी नारळ हिसकावून ओटीत घातला, तेव्हा लग्न लागलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बार्शीच्या बाजारात कापूस घेणाऱ्या एका कच्छी व्यापाऱ्यानं मामांना गाठलं. झांजिबारला त्याची लवंगांची बाग होती आणि तिथली विहीर आटली होती. आगबोटी लढाईवर गेलेल्या, तेव्हा जायचं ते शिडाच्या गलबतातून. मामांनी समुद्र पाहिला नव्हता, पण पाणी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मामी म्हणाल्या, “मी बी येनार. तुमाला तिथं कोन आवरंल?” त्यांची अट एकच होती: परक्या हातचं पाणी पिणार नाही. लहानपणापासून त्या आपल्याच विहिरीचं, आपल्याच हातानं भरलेलं पाणी प्यालेल्या. तांब्याच्या घागरी भरून, तोंडाला फडकी बांधून बैलगाडीनं बार्शी, तिथून छोट्या आगगाडीनं कुर्डुवाडी आणि मग मुंबई, असं भूमचं पाणी अरबी समुद्राकडे निघालं.

“एवढ्यानं भागंल का?” मामींनी गलबतात चढताना विचारलं.

“अगं, वरचं पानी मचूळ, खालचं गोड. आपल्याकडं बी तसंच हाय की! संपलं तर शेंदून घेऊ.”

मामांनी पोहरा आणि लांबलचक चऱ्हाट बरोबर घेतलं होतं. या भरवशावर मामींनी पहिल्या दिवसापासून घरच्या पाण्यानं आंघोळ केली, लुगडीही धुतली. इकडे नारळाची वेगळीच पंचाईत. गलबतात पाय टाकल्यापासून तो जो उभा राहिला, तो आडवा व्हायलाच तयार नाही. मामा खुशीत होते. असा निकाल त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

दर्यावरच्या प्राण्यांनी या दोघांना पहिल्यापासूनच आपलं मानलं. मामी पीठ मळायला बसल्या की उडते मासे फडफडत परातीत येऊन पडत. शाकाहारी मामी ‘अगं बाई, पाखरू म्हनावं का मासा?’ करत त्यांना चिमटीनं उचलून परत पाठवीत आणि पीठही मागोमाग फेकून देत. एक पांढरा पक्षी मामांच्या पागोट्यावर बसला तो दोन दिवस उठला नाही. मामा मान ताठ ठेवून जेवले, झोपलेही तसेच, बसून. डॉल्फिनचा कळप दिसला तेव्हा ते त्यांना म्हशींसारखे हाकत होते.

मग वारा पडला. शिडं लुगड्यांसारखी लोंबू लागली आणि घागरींतलं पाणी तळाला गेलं. गलबताच्या लाकडी टाक्यात सगळ्यांपुरतं पाणी होतं. नाखवा, म्हणजे गलबताचा प्रमुख, कच्छकडचा मुसलमान होता. तो स्वतः तांब्या भरून घेऊन आला. मामींनी हात जोडले आणि तोंड फिरवलं.

“घाबरू नगंस,” मामा म्हणाले आणि पोहरा सोडायला लागले. पण पोहरा वरच भरून येई. मग त्यांनी त्याला झाकण बसवलं, झाकणाला वेगळी दोरी बांधली आणि गलबतावरचे सगळे दोर जोडून तो खोल सोडला.

नाखवा म्हणाला, “मामू, ये समंदर है, बावडी नहीं.”

“बावडीच हाय,” मामा म्हणाले, “फकस्त कठडा न्हाय.”

एवढ्यात हिसका बसला. वर ओढलं तर दोराचं टोक नुसतं कुरतडलेलं. पोहरा शार्कनं नेला होता. ‘खालचं पानी गोड असल्याबिगर तो तिथं ऱ्हाईल का?’ असं मामा म्हणाले, पण जरा हळू आवाजात.

मामींचे ओठ फुटले होते. मामा उरलेल्या घागरीतलं पाणी त्यांनाच देत आणि ‘माझा उपास हाय’ म्हणत. कसला उपास, हे विचारायचं त्राणही मामींत नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी गलबतासमोर समुद्र फुगला आणि त्यातून उंच कारंजं उडालं. देवमासा होता तो. पण मामांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली होती ते हेच! “पानी लागलं! पानी लागलं!” असं ओरडत ते नाचायला लागले. विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडायचा, ही आपल्याकडची रीत. मामांनी भक्तिभावानं हातातला नारळ कठड्यावर आपटला आणि दोन्ही भकलं देवमाशाला वाहिली. नारळातलं पाणी फळ्यांवर सांडून जिरून गेलं.

“अवो,” मामी खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, “साऱ्या दर्यात तेवढंच गोड पानी हुतं!”

मामांनी ओल्या फळीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते तिथंच कोसळले. त्यांची कोरडी, सुजलेली जीभ पाहिल्यावर मामींना उपासाचा अर्थ कळला. त्या सरपटत टाक्यापाशी गेल्या आणि नाखव्यापुढे ओंजळ धरली. “भाऊ, पानी द्या.” नाखव्यानं तांब्या भरून दिला, मामींनी त्यातलं थोडं मामांच्या तोंडावर शिंपडलं. मामा शुद्धीवर येत पुटपुटले, “परक्याचं…”

“गप ऱ्हावा. आधी मी पेते, मंग तुमी.” आणि त्या घटाघटा प्याल्या.

वारा सुटला, झांजिबार आलं. तिथं तोवर पावसाळा लागला होता, जवळजवळ रोज पाऊस. मामा पोचेपर्यंत व्यापाऱ्याची विहीर आपोआप भरली होती. मामांनी दाखवलेल्या चारही जागांना पाणी लागलं, न दाखवलेल्या जागांनाही लागलं. असल्या मुलखात पाणाड्याला काय किंमत, म्हणून ते खट्टू होऊन परतले. भूमला आल्यावर त्यांनी पुन्हा नारळ हातात घेतला नाही. कुणी बोलवायला आलं तर ‘माझा नारळ देवमाशानं खाल्ला’ म्हणून वाटेला लावत.

मात्र पुढच्या उन्हाळ्यात मामींनी बार्शीच्या रस्त्यावर बाभळीखाली दोन रांजण पुरून घेतले. भरायच्या त्या स्वतः, प्यायचं ज्यानं त्यानं आपल्या हातानं, मग तो कुणीही असो. भावकीत कुरकुर झाली, घरी बैठक बसली. मामी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “म्या कुनाच्या हातचं पिऊन जित्ती ऱ्हायले, ते आधी इचारा.” मामा बैठकीत मान खाली घालून बसले होते. एवढंच म्हणाले, “तिला पान्यातलं लई कळतं.” हे त्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलं नव्हतं.

दोघंही गेली, त्याला आता फार वर्षं झाली. एक रांजण फुटला. दुसरा अजून आहे, आणि उन्हाळ्यात कुणीतरी तो भरतं.