डाव्या कडेची अर्धी एष्टी

एष्टी आली तेव्हा माय रस्त्याच्या पलीकडे, आमच्या घराच्या दारात उभी होती. ती अलीकडे का आली नाही, ते मला आजही उमगत नाही. इकडे मी, माझी पत्र्याची पेटी आणि मला सुरतेला कामाला लावायला निघालेले दगडूमामा. तिकडे ती, डोईवरचा पदर दातात धरून. मध्ये गाडी येऊन थांबली आणि तिने घरासकट मायला झाकून टाकलं. मी चढून धक्काबुक्की करत खिडकीशी पोचेपर्यंत गाडी निघालीसुद्धा. मागच्या काचेतून पाहिलं तर तिचा हात वर होता आणि धुरळ्यात तोंड दिसत नव्हतं. आदल्या दिवशीपासून ती एकच म्हणत होती, "माघारे येजो." परत ये, एवढंच. मी कॉलेजात नापास झालेला बाप्या, मान हलवली आणि आलो.

माझा धाकटा भाऊ आनंदा तेव्हा शेंबडा होता, त्याला हे आठवायचं नाही. त्याच्यासाठी लिहितोय. आणि सुरतेत उधन्याला, गोडादऱ्याला येऊन राहिलेले आपल्याकडचे जे कोणी असतील त्यांच्यासाठीही. आपण सगळे 'चार वर्षं काढू नि जाऊ' असं म्हणूनच आलो होतो. आता आपली पोरं आपसात गुजरातीत भांडतात. माझी लेक विचारते, "पप्पा, तुमच्या गावाला कधी जायचं?" 'तुमच्या' म्हणते. तिचं काही चुकत नाही, पण कानाला लागतं.

मामांना मला मागावर घालायचं होतं. पण पेटीत माझी चित्रांची वही होती, ती त्यांनी कुणाला तरी दाखवली आणि मी साड्यांच्या छपाईसाठी डिझाइन काढणाऱ्या एका स्टुडिओत चिकटलो. तिथले मास्तर नटुभाई. पान खाऊन खाऊन लाल झालेलं तोंड, आणि हातात ब्रश आला की माणूस देव व्हायचा. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, कापडावर जागा मोकळी सोडायची नाही. वेल सोड, बुट्टी टाक, कोयरी टाक, पण भर. दुसरी म्हणजे रिपीट. साडी सहा वार लांब, पण आपण काढतो तो तुकडा वीतभर. तोच तुकडा छपाईत पुन्हा पुन्हा लागतो. म्हणून उजव्या कडेला फूल अर्धं कापलं गेलं असेल, तर उरलेलं अर्धं डाव्या कडेला बरोबर त्याच उंचीवर यायला हवं. नाही आलं तर अख्ख्या साडीवर जोड दिसतो आणि शेठ शिव्या घालतो. नटुभाई म्हणायचे, "छेडो छेडाने मळवो जोईए." टोकाला टोक मिळालंच पाहिजे. इकडून जे बाहेर जाईल, ते तिकडून आत यायलाच हवं.

हे माझ्या हाडात गेलं. इतकं, की जेवताना ताटातली पोळी तोडली तरी उरलेला तुकडा दुसऱ्या कडेला ठेवायचो. मंगल, म्हणजे माझी बायको, नवीन नवीन बघतच राहायची. गावाबद्दलही माझ्या मनात तोच हिशेब असणार. या कडेने गेलोय ना, त्या कडेने निघेनच कधीतरी. गेलो तर काय, लग्नाला नाहीतर दहाव्याला. दोन दिवस राहायचो, मायच्या हातची कळण्याची भाकरी खायचो आणि दिवाळीचा माल अडकलाय म्हणून पळायचो. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या साड्यांवर फुलं काढली, आणि तेव्हा जे घर उभं होतं त्याचं एक साधं रेखाटन मी केलं नाही. याची हळहळ जात नाही. घर कुठे पळून जातंय, असं वाटायचं.

पुढे कॉम्प्युटर आले. रिपीट एका टिचकीत जुळायला लागलं आणि आम्हा हातवाल्यांना घरी बसवलं. मी मराठी शाळेच्या भिंती रंगवल्या, तक्ते काढले. तिथल्या एका बाईंनी माझी चित्रं पुण्यात एका प्रकाशनाला पाठवली, आणि पन्नाशीच्या अलीकडे मी मुलांच्या पुस्तकांचा चित्रकार झालो. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

पण डोक्याला ताप वेगळाच. साडी म्हणते भर, पुस्तक म्हणते सोड. पानावर अक्षरांना जागा ठेवायची, मुलाच्या डोळ्याला फिरायला जागा ठेवायची, पान उलटायची ओढ लागेल असं काहीतरी कोपऱ्यात ठेवायचं. गोष्ट हातात आली की मी ती पाठ होईस्तोवर वाचतो. मग आगपेटीएवढ्या चौकटी आखून नुसत्या रेघोट्या मारतो. कोण कुठे उभं, उजेड कुठून, तेवढंच. मग कागद दुमडून, शिवून कच्चं पुस्तक करतो आणि चाळीतल्या पोरांपुढे टाकतो. पोरांना खोटं खपत नाही. एकीने मला विचारलं होतं, या म्हशीला गवत आहे, पण पाणी कुठे आहे? गपचूप घमेलं काढलं.

मागच्या वर्षी प्रकाशनाच्या संपादक बाईंनी एक गोष्ट दिली. एक मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आजोळी जाते, झोके खेळते आणि परत निघते. शेवटच्या जोडपानावर नुसतं घर, पुढचा रस्ता आणि निघालेली बस. बाई म्हणाल्या, "बाळूदादा, हे तुमच्याच मुलखातलं. तुम्ही डोळे मिटून काढाल."

नेमका तेव्हाच आनंदाचा फोन आला. जुनं धाब्याचं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं नवं घर झालं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मायच किती हरखली होती तेव्हा, फरशीवर हात फिरवून बघायची. पण आता तिचं विसरणं वाढत चाललं होतं. आनंदा म्हणाला, "दादा, ती रोज दुपार कलली की पिशवीत लुगडं भरते आणि पायरीवर जाऊन बसते. म्हणते, माले मना घर पोचाडा." मला माझ्या घरी पोचवा. ज्या जागेवर ती नवरी म्हणून आली, त्याच जागेवर बसून म्हणते. आनंदाची बायको समजावून थकली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप येते, घर येत नाही.

मला वाटलं, घर तर मी काढतोच आहे. ते असं काढतो की मायने बघावं आणि म्हणावं, हेच. तिच्या खाटेसमोर लावून देऊ. पिशवी तरी सुटेल तिच्या हातातून.

पहिलं चित्र मी झोकात काढलं. लाल कौलं, दारावर वेल, ओट्यावर रांगोळी, मागे निळा डोंगर. बाईंना पसंत पडलं. मी फोटो आनंदाला पाठवला. त्याने फोन मायसमोर धरला, व्हिडिओवर मला तिचं तोंड दिसत होतं. बराच वेळ बघून ती कौतुकाने म्हणाली, "कोनं घर शे हाई? मोठा लोकेस्नं दिखस." कुणाचं घर हे, मोठ्या लोकांचं दिसतंय.

कपाळावर हात मारला मी. आमच्याकडे कौलं होती कुठे! मातीचं सपाट धाबं, त्यावर पापड वाळत घालायचे. डोंगर तर उभ्या शिवारात नाही. मी आमचं घर काढलंच नव्हतं. मुलांच्या पुस्तकात असतं ते घर काढलं होतं, आणि उरलेली जागा नटुभाईंच्या हुकमाने भरली होती.

मग मी पुसायला लागलो. वेल गेली, रांगोळी गेली, डोंगर गेला. डोळ्यांना आठवेना म्हणून अंगाला विचारलं. दारातून आत जाताना डोकं कुठे आपटायचं? उजवीकडे, तिथे चौकट खाली आली होती. उन्हाळ्यात पाठ गार कुठे लागायची? कणगीमागच्या भिंतीला, पण ती आतली, बाहेरून दिसणार नाही, तरी तिचा गारवा दाराच्या काळोखात टाकला. निंब कुठल्या बाजूला, यावर आनंदाशी फोनवर जुंपली. तो म्हणे विहिरीकडे, मी म्हणे रस्त्याकडे. शेवटी त्याला आठवलं की आण्णा, म्हणजे आमचे वडील, बस येईपर्यंत निंबाखाली बसायचे, म्हणजे रस्त्याकडेच. जिंकलो, पण आनंद झाला नाही. आपलंच झाड, आणि आपल्याला ते साक्षीदार गोळा करून शोधावं लागतंय.

भिंतीचा रंग मात्र येईना. शेणमातीचा रंग कुठल्याच नळीत नसतो. तपकिरीत पिवळा घातला तर बिस्किटासारखा दिसे, काळा घातला तर मेल्यासारखा. शेवटी मंगलने पोतेरं फिरवताना बादलीत पाहिलं आणि म्हणाली, ओलं असतानाचा रंग काढताय तुम्ही, वाळल्यावरचा काढा. तिच्या माहेरची भिंतही तशीच होती. पाणी कमी केलं, कोरड्या ब्रशने ओढला, आणि भिंत उभी राहिली.

मग राहिलेला रस्ता आणि एष्टी मी एका बैठकीत संपवली. आकाश मोकळं सोडलं. जन्मात पहिल्यांदा एवढा कोरा कागद हातून सोडला असेल. लेकीने स्कॅन करून पुण्याला पाठवलं.

बाईंचा फोन आला, खूप खूश होत्या. घर बघून त्यांनाही गलबलून आलं म्हणे. मग म्हणाल्या, "बाळूदादा, उजवीकडे बस बाहेर चाललीय ते कळलं. पण डाव्या कडेला ही अर्धी बस कसली?"

मी चित्र उचलून पाहिलं. खरंच की! उजव्या कडेला एष्टीचं तोंड कापलं गेलं होतं, मागचा भाग तेवढा पानावर होता. आणि डाव्या कडेला, बरोबर त्याच उंचीवर, तेच लाल तोंड आत शिरत होतं. दिवा, काच, अर्धं चाक, सगळं नीट रंगवलेलं. मला पत्ताच नव्हता. हाताने रिपीट जुळवून टाकलं होतं. छेडो छेडाने मळवो जोईए. मी हसलो, बाईही हसल्या. पुस्तकासाठी दुसरं काढून देतो म्हणालो, आणि दिलं. पुस्तकात एकच बस आहे. ती जाते.

चुकलेलं चित्र मी काचेत बसवलं आणि उधन्याहून गाडीने गावी नेलं.

माय पायरीवरच होती, मांडीवर पिशवी. मी पाया पडलो. तिने पाठीवर हात ठेवला आणि सभ्यपणे विचारलं, "तू कोना शे रे भाऊ?" ती ओळखणार नाही, हे आनंदाने फोनवर सांगून ठेवलं होतं, तरी थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी चित्र तिच्यापुढे धरलं.

ती पुढे वाकली. तिने काचेवरून भिंतीवर बोट फिरवलं, मग धाब्यावर, मग निंबावर. दाराशी आल्यावर बोट थांबलं आणि तिने स्वतःचं कपाळ चोळलं, जिथे चौकट लागायची तिथे. "मनं घर," ती म्हणाली. मग आत हाक मारून सुनेला म्हणाली, मनं घर सापडनं. पिशवी तिच्या मांडीवरून घसरली, तिने उचलली नाही. आनंदाने तोंड फिरवलं. मला वाटलं, जन्मभर ब्रश घासला तो याच्यासाठी.

मग तिचं बोट डाव्या कडेला गेलं. उजवीकडची, निघालेली एष्टी तिने पाहिलीच नाही. लाल तोंडावर बोट ठेवून ती म्हणाली, "एष्टी उनी." गाडी आली. चेहरा असा उजळला, की तसा मी लहानपणीही पाहिला नसेल. ती माझ्याकडे वळली. "भाऊ, देख तं, मना बाळू उतरना का?" बघ तर, माझा बाळू उतरला का.

मी म्हणालो, माय, मीच बाळू. तिने माझे पांढरे केस पाहिले, चष्मा पाहिला, आणि पाहुण्याची चूक पोटात घालावी तशी हसली. म्हणाली, बैस, चहा घे, तो आता येईलच. आम्ही दोघं चहा पीत त्या गाडीकडे बघत बसलो.

चित्र आता तिच्या खाटेसमोर आहे. आनंदा सांगतो, ती पिशवी भरत नाही, कुठे जायचं म्हणत नाही. पायरीवर बसायची ती आता चित्रासमोर बसते. ती घरी पोचली. मला लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? उधन्याची खोली म्हणावी तर तिथून निघायचंच होतं, आणि गावचं घर तर आता कागदावर आहे. माझं घर म्हणजे ते दार, जिथे कोणीतरी माझी वाट बघतंय आणि मी समोर बसलो तरी पोचत नाही.

निघताना मी सवयीने म्हणालो, "येतो, माय." मी सुरतेला चाललोय हे तिने ऐकलं होतं. तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच, निरोप द्यावा तसं म्हणाली, "सुरतमा बाळू भेटना तं सांगजो, घर आठेच शे." बाळू भेटला तर सांग, घर इथेच आहे.

सांगतो, म्हणालो.