द्रौपदाबाईच्या डोक्यातली पंगत

सोनगीरजवळच्या त्या गावात लग्न ठरलं की मुहूर्त नंतर, आधी द्रौपदाबाईकडे माणूस धावायचा. बाई शाळेची पायरी चढलेली नाही. पण तीनशे माणसं जेवणार म्हटलं की डोळे मिटायची, ओठ जरासे हलायचे आणि वरण-बट्टीचं सगळं सामान सांगून मोकळी व्हायची. पीठ एवढं, डाळ एवढी, वांगी एवढी. शेवटच्या पंगतीला कमी नाही आणि गुरांपुढे टाकावं लागेल एवढं उरायचंही नाही. नवऱ्याने, वनाआबाने, एकदाच शहाणपणा केला. तिला न विचारता तीनशे माणसांसाठी वीस किलो पीठ भिजवायला सांगितलं. पाहुणे रिकाम्या पत्रावळीसमोर बसून राहिले. त्या वीस किलोवरून आबाने पुढे तीस वर्षं टोमणे खाल्ले.

अशा बाईला एकोणनव्वद साली लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, वरून मधूनच झटके यायला लागले. घरात ती असून नसल्यासारखी झाली. मुलगा सुकदेव वाईट नव्हता हो, पण दमला होता. आईच्या खाटेशेजारी बसूनच त्याने ठरवून टाकलं, की आखाजीच्या सणानंतर पोरीचं लग्न आहे, पाहुण्यांसमोर माय अशी नको, तेवढे दिवस तिला अमळनेरला मावशीकडे ठेवू. तिला आता काय समजतं, हे त्याचं पालुपद. आबाला वाटायचं, ती आत आहे. पण दाखवणार काय, कपाळ?

झटक्यांसाठी धुळ्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला. शहरात जायचं म्हणून आबाने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं, वेणी घातली. यंत्र चालवणाऱ्या कौतिकभाऊने ते डोकं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तेलकट डोक्याला तारा चिकटत नाहीत. मग दवाखान्याच्याच मोरीत आबाने साबण लावून तिचे केस धुतले, पुसले. तासाभराने तिच्या डोक्यावर वीसेक तारा बसल्या.

कागद सरकू लागला. त्यावर टेकलेल्या बारीक लेखण्या थरथरायला लागल्या. द्रौपदाबाई डोळे मिटून पडलेली आणि कागदावर एकसारख्या लहरी. कौतिकने समजावून सांगितलं, की माणूस डोळे मिटून निवांत पडला की अशा लहरी उठतात, आणि डोकं अवघड कामाला लागलं की विरतात. म्हणून तो प्रत्येकाला शंभरातून सात-सात वजा करायला सांगायचा. तिलाही सांगितलं. लहरी होत्या तशाच राहिल्या. सुकदेवने बापाकडे पाहिलं.

आबा उठला आणि तिच्या कानाशी वाकला.

"सुकदेवनी माय, नातनं लगीन शे. तीनशे मानसं जेवतीन. बट्टीले पीठ कितलं लागी?"

लहरी विरल्या. एकामागून एक रेघा बारीक झाल्या, जवळजवळ सरळ. कागद हात-दोन हात पुढे गेला तरी तसंच. कौतिकने असे शेकडो कागद पाहिले होते, तरी तो खुर्चीतून उठून उभा राहिला. मग हळूहळू लहरी परत आल्या. बाईचं गणित सुटलं होतं. उत्तर आत तयार होतं, फक्त बाहेर यायला वाट नव्हती.

आता सुकदेवचीही खात्री पटायला हवी, म्हणून आबाने मुद्दाम जुनं दुखणं उकरलं.

"मी म्हनस, वीस किलोमा व्हई जाई."

सगळ्या लेखण्या एकदम उसळल्या. कागद काळाकुट्ट झाला. सुकदेव घाबरला, त्याला वाटलं झटका आला.

"झटका नाही," कौतिक म्हणाला. "जबडा आवळला की असं उमटतं. आबा, बाई तुमच्यावर दात खाताहेत."

आबाला हसू आवरेना आणि डोळ्यांचं पाणीही थांबेना. सुकदेव मात्र हसला नाही. माय आत आहे, म्हणजे तीन महिने तिने सगळं ऐकलं. अमळनेरचं तर खाटेला टेकूनच बोलणं झालं होतं. तो खाली बसला आणि आईचा गेलेला हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"माय, तू कोठेच जावाव नही."

लग्नाच्या आदल्या दिवशी चुलाणाजवळ द्रौपदाबाईची खुर्ची मांडली. आबा समोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे बघत आकडे म्हणू लागला. चाळीसला जबडा आवळलेला. पन्नासलाही आवळलेला. आचारी ताटकळले, कुणीतरी चुळबूळ केली, तर सुकदेवने त्याला हातानेच गप्प केलं.

"पंचावन्न," आबा म्हणाला.

द्रौपदाबाईचा जबडा सैल झाला आणि तिने डोळे मिटले. सुकदेवने स्वतः पोत्याचं तोंड सोडलं आणि पीठ मोजायला बसला.