सुनेचं नाव विसरले तेव्हा

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. “एन्सेफलायटिस,” ते म्हणाले, “म्हणजे मेंदूला सूज. ताप उतरलाय, पण स्मरणशक्तीला धक्का बसलाय.” मग माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलीकडे बघत त्यांनी मला विचारलं, “ह्या कोण?”

“सून.”

“नाव काय त्यांचं?”

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आजारात तिनंच माझ्या उलट्या काढल्या, वेणी घातली. नाव काही सापडेना. “आमच्यात सुनेला नावानं हाक मारत न्हाईत,” मी ठोकून दिलं. ती खाली बघत चादर सारखी करत राहिली.

वडगाव निंबाळकरला घरी आले. भेंडीची तोडणी, म्हशीची धार, जुनं सगळं आठवत होतं. नवं टिकत नव्हतं. मुलगा तिला हाक मारायचा, नाव कानावर पडायचं आणि मी ओसरीत येईपर्यंत जायचं. “अगं, ऐकलं का,” म्हणत मी वेळ मारून न्यायचे. जिच्या हातचं खाते तिचं नाव येत नाही, हे सांगायचं कुणाला?

पुढच्या तपासणीला, आठवणीचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्ट मॅडमना एकटीनं गाठून सांगितलं. फायलीवर नातेवाईक म्हणून सुनेचं नाव होतं. ते वाचून त्या म्हणाल्या, “काकू, नावाचं चित्र करा. साधं चित्र निसटतं, विचित्र डोक्यात बसतं. दिपाली ना? त्यांच्या डोक्यावर दिवा घेतलेली पाल बघा.”

किळस आली. पण चित्र बसलं. तिला पाहिलं की केसांतून पाल वर यायची, पुढच्या पायांत दिवा धरून. दोन-तीनदा बरोबर हाक मारली, तेव्हा केवढा आनंद झाला.

मग इंदापूरहून तिची आई मला बघायला आली, पेरू घेऊन. विहीणबाईंनी तब्येत विचारली. मी कौतुकानं आत हाक मारली, “पाली, आईला च्या टाक गं.”

चित्र आलं होतं, त्यात दिवा नव्हता.

“आमची पोरगी पाल हाय व्हय?” विहीणबाई म्हणाल्या. मला मान वर करवेना. रडत रडत सगळं सांगून टाकलं.

दिपाली दारात येऊन उभी होती. “मला ठावं हाय, आत्या. आदी दिवसातनं धा येळा नावानं हाक मारायच्या तुमी. दवाखान्यात तसं बोलला, तवाच कळलं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमाला वाईट वाटलं आसतं.” ती माझ्याजवळ बसली. “पाल ऱ्हाऊ द्या. दिवा तेवढा मोठा करा, ट्रॅक्टरच्या हेडलाइटवानी.”

विहीणबाईंना हसू फुटलं. मला नाही फुटलं.

कुणाच्या घरी असं दुखणं आलं तर सांगते, चित्रांचा उपयोग होतो. पण कधी चित्रच राहतं आणि नाव जातं. म्हणून घरच्यांपासून लपवू नका. मी लपवलं, आणि त्या पोरीनं माझी लाज राखायला इतके दिवस बिननावाचं राहणं सोसलं.

आता नाव गेलं की तिलाच विचारते. ती हातातलं काम न थांबवता सांगते. लाज अजून वाटते. तरी विचारते.