चिंचेच्या पाण्यातला सँड डॉलर

सासूबाईंना एकदा समुद्र पाहायचा होता. दुसरं काही मागणं नव्हतं. मी दर वर्षी त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांचं कारण पुढे करायची. स्टेशनचा जिना कोण चढवणार, वाळूत कोण धरणार? यंदा कॉलेजच्या सहलीबरोबर मी पुरीला जाऊन आले आणि त्या गावी, एकोडीला, घरीच राहिल्या.

येताना किनाऱ्यावर पडलेला एक सँड डॉलर आणला. मारी बिस्किटाएवढा, पांढरट, वर पाच पाकळ्यांची नक्षी. हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं.

“फूल हाय का दगड?” सासूबाईंनी विचारलं.

“प्राणी होता. हा त्याचा सांगाडा.”

“सांगाडा कायले आणला घरात?” म्हणाल्या, आणि नेऊन देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवला.

मी प्राणिशास्त्र शिकवते. विचारलं की सांगते. धानाची रोवणी आटोपली होती, घरासमोर शेताच्या बांध्यांमध्ये पाणी उभं होतं. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसायचो आणि त्या विचारत राहायच्या. जिवंतपणी तो पांढरा नसतो, मी सांगितलं. जांभळट तपकिरी असतो, अंगभर मखमलीसारखे बारीक काटे. त्या काट्यांवरच तो सरकतो, वाळूत शिरतो. पाकळ्या म्हणजे बारीक छिद्रांच्या रांगा. त्यांतून नाजूक पाय बाहेर येतात आणि त्यांनी तो श्वास घेतो. तोंड पोटाच्या मधोमध. वाळूच्या कणांना चिकटलेलं शेवाळ खातो. काही जातींची पिल्लं जड वाळू गिळून ठेवतात, लाटेनं वाहून जाऊ नये म्हणून.

“मोटारपंपाच्या पायपाले आपण दगड बांधतो तसा.”

“तसंच. आणि त्याआधी अळी असते, पाण्यात तरंगणारी. माशाची चाहूल लागली की एका जातीची अळी स्वतःचे दोन भाग करते. लहान झाली की माशाला दिसत नाही.”

“वाटणी करून वाचली म्हन ना. आमच्या घरी वाटणी झाली, कोणी वाचला नाही.”

अंधार पडत जायचा, बांध्या आणि आभाळ एकाच रंगाचे व्हायचे. मधले धुरे, शेतांचे बांध, अंधारात बुडाले की समोर नुसतं पाणी दिसायचं. त्या कितीतरी वेळ तिकडे बघत बसायच्या. मी स्वयंपाकाला उठायची.

पोळ्याआधी आमच्याकडे देव उजळतात. पितळेचं सगळं चिंचेच्या पाण्यात पडतं. त्या दिवशी कॉलेजातून आले तर त्या अंगणात घमेल्यापुढे न हलता बसलेल्या. देवांबरोबर सँड डॉलरही पाण्यात घातला होता.

“बोलू नको,” त्या हळूच म्हणाल्या. “जिता हाय तो. श्वास घेऊन राहिला.”

चिंचेत आम्ल, सांगाड्यात चुना. बुडबुडे येणारच. ताबडतोब काढायला हवा होता. पण पाकळ्यांच्या छिद्राछिद्रांतून बुडबुड्यांचे बारीक दोरे वर चढत होते, जिथून तो एकेकाळी श्वास घेत असेल नेमके तिथून. तपकिरी पाण्याचा तळ दिसत नव्हता. बाळकृष्ण, घंटा, समई कुठेतरी खोल पडल्यासारखे वाटत होते. मी पर्स खांद्यालाच ठेवून खाली बसले.

मग हात घातला. उचलताना अंगठा आरपार गेला. तळहातावर चुरा उरला आणि पाच पांढरे कण.

“हे का होय, तांदूळ?”

“दात. याला पाचच असतात.”

“मंग हेच वाजत होते.” त्यांनी ते धुऊन स्वतःच्या हातात घेतले. “माह्या हातानं तर नाही मेला?”

“नाही आई. आधीच मेलेला होता. चुना तेवढा विरघळला.”

“जिते कुठं रायतात?”

“वाळूत, पाण्याखाली. ओहोटीला कधीकधी पायाखाली लागतात.”

“केवढ्या पाण्यात?”

“घोट्याएवढ्या.”

त्यांनी लुगडं जरा वर करून स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

“घोट्यापर्यंत माहे पाय चांगले हायेत.”

 हात पुसून मी मोबाइलवर पुरीची गाडी पाहिली. पोळ्यानंतर खालचे दोन बर्थ मिळत होते, ते घेतले. स्टेशनवर जिना टाळता येईल का, तेही पाहिलं. त्यांनी दात देवघरात ठेवले नाहीत, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. समुद्रात परत न्यायचे होते म्हणे.

देव अजून चिंचेतच होते. ते काढून मी घासायला घेतले.