दक्षिणेची खिडकी

घराला दक्षिणेकडे खिडकी ठेवायची म्हटलं की आमच्या भागात लोकांचे चेहरे असे होतात, जणू मी त्यांच्या माजघरात साप सोडायला आले आहे. घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा. ऑफिस बारामतीत, कामं पार इंदापूरपर्यंत. जिन्यावरून, मोरीवरून, देवघराच्या तोंडावरून मी पुष्कळ भांडले आहे आणि ती भांडणं मिटलीही. दक्षिणेचं भांडण मिटत नाही, कारण तिथे आडवा यम येतो. ती त्याची दिशा. तिकडची भिंत आंधळी हवी, नाहीतर घरधनी जातो. हे न शिकलेले सांगतात, शिकलेले सांगतात, आणि हल्ली मोबाइलमधलं होकायंत्र नाकासमोर धरून सांगतात.

मला दक्षिण हवी असते ती अगदी साध्या कारणासाठी. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला कलून चालतो. त्या अंगाला मोठी काच लावायची आणि काचेच्या आत काळ्या रंगाची, पाण्याने भरलेली पिंपं ओळीने उभी करायची. दिवसभर ती ऊन खातात आणि रात्रभर खोलीला ऊब देतात. ना जळण, ना वीज. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा वरचा छज्जा काचेवर ऊन येऊ देत नाही. मेच्या अखेरीला तर भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेलाच सरकलेला असतो, म्हणजे चटके बसतात ते कुबेराच्या दिशेने. हे सगळं मी सांगते. लोक ऐकून घेतात, चहा पाजतात आणि म्हणतात, तेवढी खिडकी उत्तरेला घ्या.

ही विद्या मी कॉलेजात शिकले असं लोकांना वाटतं. कॉलेजने तिला नाव दिलं, एवढंच. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी उन्हात तापवायची आमच्याकडे रीत आहे. त्यासाठी आई घासलेलं चकचकीत पातेलं कधी घ्यायची नाही, चुलीवरचं काजळी धरलेलं घ्यायची. शेजारणी तिला चिडवायच्या की हिला भांडी घासायचा कंटाळा. आई म्हणायची, काळ्यात लवकर तापतं आणि तापलेलं पाणी लवकर निवत नाही. पुढे परीक्षेत मी हेच चार पानं लिहिलं.

कोऱ्हाळे बुद्रुकला एका ऊस बागायतदाराच्या बंगल्याचं काम माझ्याकडे आलं होतं. माणूस हौशी, कुठल्याही नव्या गोष्टीला तयार. पिंपांची कल्पना त्याला इतकी आवडली की पाहुण्यारावळ्यांना तोच समजावून सांगायचा. मग पाया भरायच्या आदल्या दिवशी कुणी वास्तुवाला येऊन नकाशावर लाल पेनाने फुली मारून गेला. बागायतदार मला म्हणाला, बाकी सगळं तुमचंच ठेवू, एवढी भिंत बंद करा. ती भिंत बंद केल्यावर माझं म्हणून काय उरत होतं? माझं डोकं तापायला पिंपाएवढा वेळ लागत नाही. मी नकाशा गुंडाळला आणि उठले.

घरी येऊन आदळआपट केली. आबा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. जळोचीला त्यांनी जागा घेऊन ठेवली होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दुसऱ्याच्या घरावर कशाला रुसतेस, आपलं बांध.

आणि गरज आपल्याच घरात होती. आईला संधिवात. थंडीच्या दिवसांत सकाळी तिची बोटं मिटत नसत. भाकरी थापायला बसली की आधी दोन्ही हात तव्याच्या धगीवर धरायची, मग पिठात घालायची. चहाची कपबशी तिच्या हातून किती वेळा निसटली असेल. ती त्यावर हसायची, मला मात्र ते बघवायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, अंग गार पडू देऊ नका. म्हणून नकाशा काढायला बसले तेव्हा आधी आईची खोली काढली आणि तिच्याभोवती बाकीचं घर.

मला वाटलं, इथे तरी यमाला थारा नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नीरेत सोडून दिले होते. आमच्या घरात मुहूर्त नाही, सोवळं नाही. पण देव नदीत सोडता येतात, भीती अशी सोडता येत नाही. ती कुणाच्या ना कुणाच्या पायांनी परत येते. आमच्याकडे ती मामाच्या पायांनी आली. मामा इंदापूरला राहतो, मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेला, बोलण्यात कायम पुढे. त्याच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे आणि दाराबाहेर काळी बाहुली उलटी टांगलेली आहे. दोन्हीकडून बंदोबस्त. जळोचीचं बांधकाम बघायला आला तेव्हा माझ्याशी गोड बोलला आणि आईला बाजूला नेऊन काय ते सांगून गेला.

त्या आठवड्यात मी इंदापूरच्या एका कामावर अडकले होते. परत आले ती थेट जळोचीला गेले, आणि बघते तर आईच्या खोलीची दक्षिण बाजू विटांनी बंद. काचेची चौकट बसायची होती ती सगळी जागा बुजवलेली. सिमेंट अजून ओलं होतं. मी मिस्त्रीवर जे तोंड सोडलं, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. मिस्त्री आमच्याच ओळखीतला, तोंडावर बोट ठेवून काम करणारा. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने मान खाली घालून सांगितलं की आईंनीच बुजवायला लावलं, आणि त्यालाही ते बरंच वाटलं. गुरुजींच्या, म्हणजे आबांच्या, जिवाचा प्रश्न होता म्हणे.

आई मागे वाळूच्या ढिगाशेजारी बसली होती. आबांना त्याच वर्षी हृदयाचा झटका येऊन गेला होता आणि मामाने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. मी तिला तापून विचारलं, की ही खोली मी कुणासाठी काढली? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ऊन न्हाय पायजे. मला तुझं आबा पायजेत."

यावर कुठलं कॉलेज उत्तर देतं? मला तिचा राग आला आणि रडूही आलं. जन्मभर जिने हात तव्यावर शेकले, ती आपल्या वाटची ऊब नवऱ्याच्या नावाने सोडून द्यायला बसली होती, आणि तेही मामाने घातलेल्या भीतीवरून. मी मामाला, कोऱ्हाळ्याच्या त्या वास्तुवाल्याला आणि यमाला एकाच दमात शिव्या दिल्या.

आबा केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. ते आईसमोर खाली बसले. वर्गात समजावत असतील तसंच, आवाज न चढवता बोलले.

"गावानं आपली वस्ती कुठं ठेवली हुती? दक्षिणेलाच की. का, तर वाईट दिशा म्हणून. माझा आजा तितं जगला, बाप जगला. तू लग्न हून आलीस ती तितंच. यमाला न्यायचंच असतं तर कवाच वस्ती मोकळी झाली असती. आता त्याच दिशेनं पोरगी ऊन आणाय मागतीया, तर आपण घाबरायचं व्हय?"

 आई पदर झटकून उठली आणि म्हणाली, उद्या काय झालं तर मला बोल लावू नका. यालाच मी परवानगी समजले. मिस्त्री पहार आणायला निघाला, पण सिमेंट ओलं होतं, विटा हातानेच निघत होत्या. मी वरून एकेक वीट काढत गेले, आबा खाली उभे राहून घेत होते. मी त्यांना नको म्हणत होते, ते ऐकत नव्हते. संध्याकाळपर्यंत भिंतीतून पलीकडचं उसाचं रान दिसायला लागलं.

पहिल्या हिवाळ्यात सगळं काही गोड झालं नाही. एक पिंप झिरपलं आणि खोलीत तळं झालं. दुपारी खोली इतकी तापायची की आई माझ्या नावाने खडे फोडत बाहेर येऊन बसायची, मग मी वरच्या बाजूला एक झडप काढून दिली. रात्री काचेतून ऊब निसटते म्हणून आईने जुन्या लुगड्यांची मोठी गोधडी शिवली. दिवस मावळला की ती काचेवर सोडायची आणि सकाळी ऊन आलं की वर करायची. असं जमत जमत मार्गशीर्ष आला आणि एका सकाळी तिने भाकरी थापली ती हात न शेकता. मला बोलावून दाखवली नाही, मी आपली बघत होते. थंडीत दही लागत नाही म्हणून ती विरजणाचं भांडं पिंपाला टेकवून ठेवायला लागली. आबा तिच्याच खोलीत पेपर वाचायला बसायला लागले. शेजारच्या बायका बघायला यायच्या, पिंपाला हात लावून नवल करायच्या आणि बाहेर पडल्यावर यमाचं नाव काढायच्या. मला त्याचं काही वाटेनासं झालं. बोलणाऱ्याचं तोंड दिसतं, थापणाऱ्याचे हात दिसत नाहीत.

पुढच्या वर्षी इंदापूरला मामी गेली. काविळीचं निमित्त झालं. आई मामाकडे जाऊन राहिली, त्याचं घर सावरून दिलं आणि परत आली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आबा गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपले. दुसऱ्या झटक्याबद्दल डॉक्टर आम्हाला सांगत आलेच होते. पण भेटायला आलेल्या प्रत्येकाची नजर आधी आईकडे जायची आणि मग तिच्या मागच्या काचेकडे. कुणी बोलत नव्हतं. मला वाटायचं, एकदा बोला तरी, म्हणजे मला तोंड उघडता येईल.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आबांच्या नावाने वंदना आणि जेवण असतं त्या दिवशी मामा बोलला. वंदना झाली, लोक जेवायला बसायचे होते. अंगणात विटा आणि वाळू घेऊन आमचाच मिस्त्री उभा होता. मामाने त्याला परस्पर बोलावलं होतं. त्याच्याशेजारी अंगणात उभा राहून मामा आईला म्हणाला की आता तरी बुजवून टाकू, आणखी कुणाला न्यायची वाट बघायची. तो मनापासून बोलत होता, डोळ्यांत पाणी होतं, हे मी आजही मान्य करते. तरी मी उठलेच होते. आईने मला हात धरून खाली बसवलं. तिची बोटं घट्ट मिटली होती.

"तुझ्या घराला दक्षिणेला भोक सुदिक न्हाय," ती मामाला म्हणाली. "तरी तुझी बायको गेली. तवा मी तुझ्या घराला बोल लावला का?"

 जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. आईच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच कुणाला मध्ये पडता आलं नाही.

"ती तिच्या दुखण्यानं गेली, हे त्यांच्या दुखण्यानं गेलं. हितं बसून ते पेपर वाचायचं. ही जागा मी बुजवू व्हय?"

मग ती दारात गेली. पावसाने अंगणाचा राडा झाला होता, लोक चपला हातात घेऊन येत होते. तिने मिस्त्रीला सांगितलं, विटा परत ने, पण वाळू आणलीच हायस तर हितं पसर, मानसं घसराय लागल्यात.

मिस्त्रीने वाळू अंगणभर पसरली. मामा त्या वाळूवरून चालत आला, पाय पुसले आणि आईच्या खोलीत, काचेकडे तोंड करून जेवायला बसला.