ईशान्येचा खड्डा

ये गं भाचे, जरा जवळ सरकून ऐक. कढीपत्त्यासाठी पापाटोएटोच्या दुकानापर्यंत येतेस, आणि तिथून पुढं आमचं पापाकुरा तुला लांब वाटतं? शोभतं का हे? आमच्या भूमिपूजनाचे फोटो मात्र पाहिले असशील, तुझ्या मावसभावानं टाकलेले. त्यात खरं काहीच नाही.

मागच्या अंगणात माझ्यासाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. जमीन खाडीकाठची, पूर्वी तिथं इथल्या मूळ लोकांची, माओरींची वस्ती. म्हणून पुरातत्त्वाचं काम करणारी एक मुलगी आधी येऊन पाहून गेली. जाताना बजावलं, "मी असल्याशिवाय एक फावडंही मारायचं नाही." आमचे चिरंजीव म्हणाले, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. कंप्युटरवाले ना, मान डोलावण्यात पटाईत.

आणि शनिवारी पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओवर घेऊन पूजा! ईशान्येला गुडघाभर खड्डा.

"अरे, ती नको म्हणाली होती ना?"

"आई, पूजा म्हणजे काय खोदकाम असतं का?"

हातात कुदळ धरून विचारतोय! खड्ड्यातून शिंपल्यांचा ढीग आला, काळी माती आली. त्याचा एक इंजिनिअर मित्र म्हणतो, "कुणाची तरी फिश अँड चिप्सची पार्टी झालेली दिसते." बाकीचे खिदळले. एवढं शिकून ही अक्कल! तांब्याचा कलश, सुपारी, चांदीचा नाग ठेवून खड्डा बुजवला, पेढे खाल्ले आणि निघाले.

सोमवारी ती मुलगी आली. सोबत इथल्या माओरींची एक आजी, माझ्याच वयाची. मुलगी ओल्यात गुडघे टेकून थापीनं माती खरवडू लागली, तर थापी टणकन वाजली. कलश!

"हे कधीचं?" तिनं विचारलं.

चिरंजीव म्हणतात, "मे बी... ओल्ड?"

नागाला अजून हळद चिकटलेली! मीच सांगून टाकलं, "परवाचं आहे, बाई."

आमचा खड्डा बरोबर माओरींच्या जमिनीत खणलेल्या एका जुन्या चुलीतून गेला होता. भाजलेले दगड, कोळसा, भोवती जेवून टाकलेले शिंपले. अर्धी चूल कुदळीनं उडवलेली. आजी पुढं झाली. उरलेल्या दगडांपाशी उभी राहून हळू आवाजात प्रार्थना म्हणू लागली. तेवढ्यात चिरंजीव माझ्या कानाशी, "आई, गुरुवारी काँक्रीटचा ट्रक येतोय. घर तुझ्यासाठीच आहे ना? तू सांग त्या मुलीला लवकर आटपायला. म्हाताऱ्या माणसाचं ऐकेल ती."

"माझ्या नावावर खपवू नकोस," मी म्हटलं. "कुणाची तरी चूल मोडलीस, आता उरलेलीही बुजवायचीय? ट्रकवाल्याला फोन कर. नको म्हणून सांग."

केला फोन, तोंड वाकडं करून. अजून माझ्याशी धड बोलत नाही. न बोलू दे, घरात तेवढीच शांतता!

मी अजून इस्त्रीच्या खोलीतच झोपते. ती मुलगी रोज येते, उरलेली अर्धी चूल हलक्या हातानं उघडते, मोजते, चित्रं काढते. सगळं टिपून झालं की दगड उचलणार, आणि मग तिथं काँक्रीट पडणार. त्याआधी येऊन बघून जा गं. याच आठवड्यात ये.