भिंतीपाशी थांबलेला रस्ता

“मास्तर, आई गेली... या लवकर,” सोनीबाईंच्या विजयचा सकाळीच फोन आला. त्याला आता दीड महिना झाला. त्यांचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मधे आमच्या ले-आऊटची, म्हणजे शेतात प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीची, भिंत.

सोनीबाई राठोड दूध घालायच्या. पूर्वी त्या तांड्यावर राहायच्या; तिथून आर्णी गावात यायला शेताच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं सरळ पायवाट होती. मग एकेका शेताचं ले-आऊट झालं. प्रत्येकाचं तोंड फक्त हायवेकडे, बाकी तिन्ही बाजूंनी वालकंपाऊंड. वीस मिनिटांची वाट तासाभराची झाली. आमच्या ले-आऊटला लागून असलेलं स्वतःचं शेत विकायची वेळ आली तेव्हा बाई अडून बसल्या. “दोन पलाट कमी पाडा, पण रस्ता आरपार पाह्यजे. मले जे भोगा लागलं, ते दुसऱ्याले कायले?” नकाशावर तसा रस्ता आखला गेल्यावरच त्यांनी अंगठा दिला आणि तिथल्याच एका प्लॉटवर घर बांधलं.

रस्ता झाला आणि आमच्या भिंतीशी येऊन थांबला. परक्या गाड्या नकोत, चोऱ्या होतील, म्हणून आम्हीच ती बांधली होती. त्या ठरावावर माझीही सही आहे.

एक दिवस त्या लांबून वळसा घालून माझ्या दारात आल्या. “तुमी शिकलेले माणसं. लेकरं तिकडं, शाळा इकडं. काहून अडवून राह्यले?”

त्यानंतर त्या चार वर्षं दारोदार फिरत राहिल्या. लोक चहा पाजून वाटेला लावत. शेवटी आमच्या ले-आऊटच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं, तेव्हा कुठे एक माणूस जाईल एवढी फट मंजूर झाली. मला वाटलं, झालं, फिटलं...

मोक्षधाम आमच्या बाजूला. त्या दिवशी तिरडी फटीपाशी आली आणि थांबली. चार खांदेकरी त्यातून जाणार कसे? विजयनं एकदा भिंतीकडे पाहिलं आणि मागे वळला. हायवेनं, ट्रकांच्या धुळीतून आम्ही त्यांना नेलं. मीही खांदा दिला. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलायला हवं होतं.

भिंत पाडायचा विषय मी पुन्हा काढला. “बघू पुढच्या मीटिंगमध्ये,” ले-आऊटमधले सगळे म्हणाले. मीही वाद घातला नाही... दमलोय.

फटीच्या एका कडेला, कमरेच्या उंचीवर, सिमेंट गुळगुळीत झालंय. दुधाची कॅन पलीकडे ठेवताना त्या तिथे हात टेकायच्या. शाळेची पोरं आता दप्तर सांभाळत तिथेच हात टेकतात आणि पलीकडे जातात.